विनोदाचं रीळ

"आमच्याकडं देवी आल्यात, नंतर या!"

अंजलै असं म्हणाली आणि चिंताद्रिपेटच्या बाजारात तिच्या टोपलीभोवती उभ्या असलेल्या सगळ्या बायका हसल्या. अंजलै पालेभाजी विकते. समोरची बाई माठाची जुडी उचलत होती, नाक मुरडून खाली ठेवत होती, परत उचलत होती, आणि अंजलैनं दोन्ही हात आडवे पसरले, मान एका खांद्यावर टाकली आणि नाकातून, शेवटचा शब्द ताणत, ते वाक्य म्हटलं. माठवाली बाईसुद्धा हसली. "दे बाई तुझ्याच भावानं, तुझी देवी कोपायला नको," म्हणाली. तैयलनायकी तेवढी हसली नाही. तिच्या हातात शेवग्याचा पाला होता. दुसऱ्याच्या दोरीवर आपलं लुगडं वाळत पडलेलं दिसावं तसं तिला झालं. आधी नुसतं ओळखीचं काहीतरी, मग त्याचा काठ, मग ठिगळ, आणि मग, अरे, हे तर माझंच. हे वाक्य आपलं आहे. शब्द कुणाचेही असतील. देवी कुणाच्याही घरी येतात, गरिबाच्या येतात, जज्जाच्याही येतात. पण ज्या घरी त्या येतात तिथलं माणूस दारातल्याला 'या' म्हणत नाही आणि 'जा'ही म्हणत नाही. ते गप्प उभं राहतं, बोलायचं ते दारावर बांधलेला कडुलिंब बोलतो. 'नंतर या' कुणीच म्हणत नाही. ते फक्त घाबरलेली, खोटं बोलायची सवय नसलेली एक तरुण बाई म्हणाली होती, एकदाच, उंबऱ्याच्या आत उभं राहून, आणि ते ऐकायला बाहेर पोलीस होते आणि आत नवरा होता आणि मुलगी होती. पोलीस विसरले असतील. मुलगी तर आता उरलीच नाही. राहता राहिला नवरा, आणि तोही आता वर्षभरापूर्वी गेला. मग अंजलैला कुणी सांगितलं?

"कुणी म्हणजे?" रंजिदम म्हणाली. रंजिदम शेजारच्या घरातली. पायरीवर बसून ती तांदूळ निवडत होती. "अक्का, तुम्ही अजून बघितलंच नाही? अहो, अख्खं मद्रास बघून आलं! तुमच्याच यजमानांवरचं पिक्चर आणि तुम्हीच घरात? मी तर दोनदा जाऊन आले. एकदा रडायला, एकदा पक्किरीसाठी."

"पक्किरी कोण?"

"पक्किरिसामी हो, हसवणारा. ते वाक्य त्याच्या पिक्चरातल्या बायकोचं. आमचा धाकटा तर शाळेच्या मास्तरांना म्हणाला, 'देवी आल्यात, नंतर या.' मार खाल्ला तेव्हा कुठं गप्प बसला."

"पण ह्यांच्या पिक्चरात हसवणारा कशाला?"

रंजिदमनं तिच्याकडं दयेनं बघितलं. "हसवणाऱ्याशिवाय पिक्चर चालतं का, अक्का? मोठं पिक्चर कंपनी काढते आणि विनोद पक्किरी काढतो. त्याची मंडळी वेगळी, लिहिणारा वेगळा, स्टुडिओसुद्धा वेगळा. तयार झाला की फुटावर विकतो. कंपनी तो मधे मधे चिकटवते. आत काय आहे ते मोठ्या दिग्दर्शकालाही चिकटवून झाल्यावरच कळतं म्हणे."

"फुटावर? कापडासारखा?"

"कापडासारखा. आणि खपतोही तसाच."

पक्किरिसामी. आता आठवलं. छापखान्यासमोरच्या कॉफी क्लबात ह्यांच्याबरोबर बसायचा तो नाटकवाला, काटकुळा, कानाला भोक पडलेला. एकदा घरीही आला होता आणि ओट्यावर बसून ताक प्याला होता. तिला त्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हसण्याचा आवाज आठवला. तो आवाज तिनं नेहमी लांबून, मागच्या विहिरीपाशी ऐकला होता. कारण ती गोष्ट सुरू झाली की ती उठायची. ओट्यावर चार माणसं जमली की अंबलवाणन, तिचे यजमान, सुरू करायचे, "तर त्या वर्षी छापखान्यावर धाड पडली, आणि अंक तर सगळा घरी आणून ठेवलेला, आणि हिनं काय करावं? हिनं दारावर कडुलिंब..." आणि ती उठायची. घागरी भरलेल्या असल्या तरी पोहरा विहिरीत सोडायची. हसणं विहिरीपर्यंत यायचं, शब्द यायचे नाहीत. कडुलिंबाच्या पुढं ही गोष्ट कशी जाते ते तिनं कधी ऐकलं नाही. ऐकायची गरजही नव्हती. ती गोष्ट कुठं गेली ते तिला ठाऊक होतं. स्मशानात गेली. आणि ह्या माणसाला तिच्यावर हसू येत होतं.

एवढंच तिला बघायचं होतं. ह्यांनी ते पक्किरीला खरोखरच विनोद म्हणून दिलं का. हातानं उचलून, फुटावर विकायला.

कंपनीची माणसं घरी आली तेव्हा तिनं त्यांना कॉफी दिली होती. इळंगो, तिचा मुलगा, रेल्वेच्या कचेरीत आहे. त्यानं कागदावर सही केली. 'थोर पत्रकाराचं जीवन' असं कंपनीवाले सारखं म्हणत होते आणि कपाटातल्या 'तीवट्टि'च्या जुन्या अंकांकडं बघत होते. तीवट्टि, पलिता, हे अंबलवाणन यांच्या साप्ताहिकाचं नाव. पिक्चरला नाव ठेवलं 'एळुत्ताणी', ताडपत्रावर कोरायची लोखंडी लेखणी. अंबलवाणन आयुष्यभर पेन्सिलीनं लिहीत आले. शेवटी नायक मरतो, असं कळलं तेव्हा ती इळंगोला म्हणाली, "तू जाऊन ये. मी एकदा बघितलंय."

पुलाजवळच्या टॉकीजला पत्र्याचं छप्पर आहे आणि दुपारचा खेळ फक्त बायकांचा असतो. रंजिदमनं बाकावरची जागा धरली. ओल्या केसांचा, मोगऱ्याचा आणि तान्ह्या मुलांच्या दुधाचा वास. त्या टॉकीजला यंत्र एकच, म्हणून प्रत्येक रीळ संपलं की पडदा पांढरा होतो, दिवे लागतात, आत कुणीतरी नवं रीळ चढवतं तोवर बायका एकमेकींची मुलं आणि दागिने बघून घेतात, आणि परत अंधार. तैयलनायकीला ते बरं वाटलं. सलग बघायची तिची तयारी नव्हतीच.

अंधार. ते आले. म्हणजे ते नव्हेत. गोरा, ओठ रंगवलेला, कुरळ्या केसांचा एक जाडसर माणूस छपाईयंत्राला टेकून गात होता. सत्य म्हणजे सूर्य अशा अर्थाचं काहीतरी. अंबलवाणन यांना आरतीतही सूर सापडत नसे, ते टाळ्यांवर भागवत. पडद्यावरच्या बायकोनं रेशमी लुगड्यात पाच वातींचं निरांजन ओवाळलं आणि त्याच्यापेक्षा वरच्या पट्टीत गायली. तैयलनायकीला राग आला नाही, उलट सुटल्यासारखं झालं. ही आपण नव्हे. हा तो नव्हे. रेशमी बाईनं एका खांबाला धरून म्हटलं, "स्वामी, तुरुंग म्हणजे तुमचं देऊळ!" आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीनं नाक शिंकरलं. तैयलनायकीला आठवलं, ते पहिल्यांदा तुरुंगात निघाले तेव्हा ती म्हणाली होती, "कानटोपी घेतलीत का?" आणि ते म्हणाले होते, "मे महिन्यात?" आणि ती म्हणाली होती, "वेल्लूरला रात्री गार पडत असेल तर?" आणि शिपाई म्हणाला होता, "बाई, वेल्लूरला दगड भाजतात." ह्यातलं काहीच पिक्चरात नव्हतं. पिक्चरातला शिपाई हात जोडून रडत होता. सरकारनं छापखान्यासाठी जामिनाची रक्कम मागितली, नायकानं मान ताठ केली, बायकोनं बांगड्या उतरवल्या. बांगड्या खऱ्या होत्या. बांगड्या तिनं उतरवल्या होत्या, पण त्याआधी दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नव्हती, हे कोण दाखवणार? दोन दिवस न बोलणं गाऊन दाखवता येत नाही. एवढ्यात नायकाच्या तोंडून एक अग्रलेख सुरू झाला आणि तो खरोखर त्यांचाच होता, तो तिनं भात वाढताना ऐकला होता, स्वल्पविराम कुठं द्यायचा हे ते आमटी ओतता ओतता ठरवत, आणि त्या गोऱ्या माणसानं तो एका दमात, कुठंही न थांबता, जणू

(दिवे.)

"काय अक्का, कसं वाटतंय?" रंजिदम म्हणाली. तिचे डोळे आधीच सुजले होते.

"बरा आहे. गोरा आहे."

"थांबा, आता येईल पक्किरी. पुढच्या रिळात नाही, त्याच्या पुढच्या. मला पाठ झालंय." आणि तिनं पदराची गाठ सोडून भाजके हरभरे तिच्या हातावर ठेवले.

तैयलनायकीनं ते खाल्ले नाहीत. दिव्यात सगळ्या बायकांचे चेहरे उघडे पडले होते, रडून झालेले, हसायला तयार. ह्या सगळ्यांना ते वाक्य माहीत आहे. मी घरात बसून होते आणि माझी गोष्ट तिकीट काढून बाजारात फिरत होती. एवढ्या लोकांसमोर आता ती दाराशी येणार, हात आडवे पसरणार. तिनं खरंच हात पसरले होते का? पसरले होते. दार अडवायला. त्या सकाळी छापखान्याला टाळं लागलं, पण ज्या अंकासाठी लागलं तो आधीच्याच दिवशी घरी आणून ठेवलेला, गठ्ठे बांधून, मधल्या खोलीत. पोलीस गल्लीच्या तोंडाशी आले तेव्हा अंबलवाणन उभ्याउभ्या तिच्याकडं बघत राहिले. जगाला अक्कल शिकवणारा माणूस, आणि तिच्याकडं बघत राहिला. तेव्हा ते तिला सुचलं. कसं सुचलं ते तिला आजही सांगता येणार नाही. परसातल्या झाडाचे डहाळे ओरबाडले, दाराच्या चौकटीत खुपसले, गठ्ठ्यांवर चटई टाकली, चटईवर सेंबाला निजवलं, तिच्या अंगावर कडुलिंब पसरला, कपाळाला हळद फासली. "कण्हायचं, कळलं? आणि हसलीस तर बघ." सेंबा. सेंबगवल्ली तिचं नाव, पुढचे दात पडलेली, हसू आलं की त्या फटीतून श्वास शिट्टीसारखा वाजायचा. पोलिसांचा हवालदार दारात आला, कडुलिंब बघितला, त्याचा उचललेला पाय तसाच राहिला. ती म्हणाली ते वाक्य. आतून शिट्टीसारखा आवाज आला. हवालदारानं त्याला कण्हणं समजून दोन्ही हात कपाळाला लावले आणि मागच्या पावलानं, पाठ न दाखवता, देवळातून निघावं तसा निघाला.

ते खरंच हसण्यासारखं होतं. तिथपर्यंत.

अंधार. रेशमी बाई. निरांजन. वकील. समुद्र. तिनं डोळे मिटले. मधे दिवे लागले, गेले, तिनं ते उघडले नाहीत. गल्लीतल्या बायका तासाभरात आल्या होत्या, हळदीचं पाणी, नाचणीची आंबील, आणि दाराबाहेर बसून देवीची अंगाईगाणी म्हणायला लागल्या. त्यांचा भाव खरा होता. कुणीतरी सेंबाच्या पायांवर डोकं टेकवलं. खोटं एकदा बोलून होत नाही हे तिला तेव्हा कळलं, ते पाळावं लागतं. फोडणी बंद. तळण तर नावालाही नाही, तेलाचा चटका देवीच्या अंगाला बसतो. झाडू नाही, फणी नाही, भिकाऱ्याला भीक नाही. सगळं पाळायचं, देवीला निरोपाचं पाणी घालेपर्यंत. दुपारी तिला राहवेना. गल्लीच्या टोकाला मारीअम्माचं छोटंसं देऊळ आहे. तिथं ती ओल्या लुगड्यानं गेली आणि कपाळ जमिनीला टेकून म्हणाली, आई, मी तुला बोलावलेलं नाही. तुझं नाव घेतलं फक्त. रागावू नकोस. येऊ नकोस. बराच वेळ ती तशीच होती. आणि घरी परत आली तर दाराच्या कडुलिंबाखाली, उंबऱ्यावरच, तिच्या नाकात

तेल.

तळणीचं, गरम, गोडसर. तिनं आत धावत जाऊन बघितलं. चुलीवर कढई, अंबलवाणन हातात झारा घेऊन, बोट तोंडात. पापड. "कुणी तळलं?" हे विचारायची काय गरज होती, झारा त्यांच्या हातात होता. तरी तिनं विचारलं. आणि ते म्हणाले, "मला भूक लागली होती."

त्यांचा देवीवर विश्वास नव्हता. ते तसं लिहीतही असत. तर मग ते तेव्हाही लिहीतच होते, तिच्या चुलीवर, तेलानं. पुढच्या महिन्यात सेंबाला ताप भरला, आणि तिला तर टोचूनही घेतलं होतं, तरी अंगावर फोड आले, तळव्यांवर आले, जिभेवर आले. तिनं दुसऱ्यांदा कडुलिंब बांधला. तोवर अंक गावभर वाटला गेला होता आणि हवालदाराला कळलं होतं आपण कसे फसलो. तो आला, दारावरचा डहाळा बघून म्हणाला, "पुन्हा का? एकदा हसलात ना मला?" आणि बूट घालून तसाच आत गेला. मग बाहेर आला. पागोटं त्याच्या हातात होतं.  हवालदार पागोटं काढतो तेव्हा समजून घ्यायचं असतं. सेंबा गेली त्या रात्री तैयलनायकीनं नवऱ्याला एकच वाक्य ऐकवलं. "तुम्ही तळलंत." ते त्यावर काही म्हणाले नाहीत. नंतरही कधी नाहीत. त्या घरात परत पापड तळला गेला नाही. इळंगो पुढच्या वर्षी झाला, त्याला वाटतं ही आपल्या कुळाची चाल आहे, तो पापड लग्नकार्यात लोकांकडं खातो आणि म्हणतो, "आमच्यात चालत नाही." आणि सेंबाचं नाव ते कधी उच्चारत नसत. तिच्यासमोर तर नाहीच. फक्त ओट्यावर, चार माणसांत, ती गोष्ट, आणि हसणं, आणि ती विहिरीपाशी, आणि

सगळं टॉकीज शिट्ट्यांनी आणि बांगड्यांनी खणखणलं. "आला! पक्किरी आला!"

आला. काटकुळा, डोक्याला शाईचं फडकं बांधलेला. पिक्चरात तो नायकाच्या छापखान्यातला यंत्र चालवणारा झाला होता. घर दुसरं, उजेड दुसरा, आवाजसुद्धा दुसऱ्या खोलीत भरलेला. ठिगळ कुठं लागलंय ते स्वच्छ दिसत होतं. त्याची बायको ठेंगणी, ठसक्याची, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. आणि तैयलनायकीनं तिला ओळखलं. रेशमी बाईत नव्हतं ते सगळं हिच्यात होतं. छापलेल्या कागदावर वड्या वाळत घालणं. "तुमचं सत्य बाजूला घ्या, मला केर काढायचाय." नवऱ्याच्या मागं कानटोपी घेऊन धावणं. बायका मांड्यांवर थापा मारून हसत होत्या. कानटोपीसुद्धा! तिला अंगावरून कुणी सगळ्यांसमोर पदर ओढावा तसं झालं. पोलीस आले. ठेंगणीनं झाड ओरबाडलं. एक गुबगुबीत मुलगी, केसाला लाल फीत, तिला गठ्ठ्यावर आडवं केलं. ठेंगणी दारात गेली, हात आडवे पसरले, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आधी सगळं टॉकीजच ते म्हणालं, तान्ही पोरंसुद्धा, असा तो आवाज पत्र्यावर जाऊन आदळला. नंतर या. नंतर या. मग ठेंगणी घाबरून, हळदीचा तांब्या डोक्यावर घेऊन, ठुमकत देवळाकडं निघाली, आणि

तैयलनायकी उठली. ठरवून नाही. पाय उठले. इतकी वर्षं ह्याच ठिकाणी ते उठत आले होते.

"ए म्हातारे, बस की खाली!"

"अगं, डोकं आहे की कलिंगड?"

"विहिरीवर निघाली का काय भर दुपारची!" असं कुणी म्हणालं, की तिलाच तसं ऐकू आलं. ती बाकांच्या मधून सरकायला लागली, कुणाच्या तरी पायावर पाय पडला, आणि

(दिवे.)

रीळ संपलं होतं. पडदा पांढरा. ती उभी, आणि सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. रंजिदमनं तिचा पदर धरला होता. "अक्का, आत्ता कुठं चाललात? खरी मजा तर पुढच्या रिळात आहे!"

"खरी मजा?"

"ती गेल्यानंतरची. देवळात गेल्यानंतरची."

ती गेल्यानंतरची. तैयलनायकी तशीच उभी राहिली. दार दोन बाकांवर होतं, त्याच्या फटीतून बाहेरचं ऊन आणि सोडावॉटरच्या गाडीचं चाक दिसत होतं. ती गेल्यानंतर घरात काय झालं ते तिला माहीत होतं, म्हणजे वास माहीत होता. कढई माहीत होती. मधलं काही तिला माहीत नव्हतं, कारण ती देवळात होती, आणि नंतर कारण ती विहिरीपाशी होती. मधलं काही असेल असंही तिच्या मनात कधी आलं नव्हतं. आत कुणीतरी खोकत रीळ चढवत होतं. "म्हातारे, दिवे जायच्या आत ठरव," मागची म्हणाली, आणि ती बसली.

अंधार.

कडुलिंबाच्या ढिगातून एक डोळा उघडला.

"अप्पा, गेले?"

"गेले." पक्किरी कपाळाचा घाम पुसत होता.

"अम्मा?"

"ती देवीची माफी मागायला गेली."

"पण देवी तर मी आहे. मग ती इथं का नाही माफी मागत?"

टॉकीज फुटलं. पक्किरीनं वर बघितलं, खाली बघितलं, शाईचं फडकं काढून हात जोडले. "चुकलं, देवी. काय सेवा करू?"

"वारा घाल." त्यानं डहाळ्यानं वारा घातला. "पायांना पण." पायांना पण घातला. "देवीला पापड पाहिजे."

"अगं, देवीला तळलेलं चालत नाही!"

"कोण म्हणतं?"

"सगळे म्हणतात. तेलाचा चटका बसतो देवीला."

"मला नाही बसत. मला विचार ना. मीच आहे ना?"

आणि बायका अशा हसल्या की पुढचं वाक्य बुडालं. पक्किरी चुलीशी गेला, फुंकता फुंकता तोंड काळं करून घेतलं, पापड कढईत टाकला, बोट भाजलं, बोट तोंडात. एक पापड देवीला. दुसरा देवीला. "आणि अम्मानं विचारलं तर?" मुलगी म्हणाली. "माझं नाव नाही सांगायचं. शपथ?" "शपथ." "गळ्याची नको, पेन्सिलीची घे." त्यानं कानावरची पेन्सिल काढून कपाळाला लावली. तेवढ्यात ठेंगणी परत आली, नाक फेंदारून, "कुणी तळलं?" आणि पक्किरी, हातात झारा, तोंडात बोट, मुलीकडं न बघता म्हणाला, "मला भूक लागली होती." ठेंगणी कपाळावर हात मारून घ्यायला लागली, आणि कडुलिंबाखालून

कुर्रम.

असा एक आवाज. पापडाचा. मग बाकावरून बायका खाली पडायच्या तेवढ्या राहिल्या. रंजिदम तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती, तिचं हसणं तैयलनायकीच्या हाडांत हलत होतं.

ती गुबगुबीत मुलगी सेंबासारखी अजिबात नव्हती. दात शाबूत होते. पण पेन्सिल. पेन्सिल पक्किरीच्या मंडळींना ह्यांनी सांगितल्याशिवाय कशी सुचणार, कंपनीनं तर पिक्चरभर लोखंडी लेखणी नाचवली होती. आणि दुसरं. त्या दिवशी ती मुलीवर वाकली होती, ताप-बीप खरंच तर नाही ना आला म्हणून, आणि सेंबाचे ओठ चमकत होते. तिनं ते पदरानं पुसले होते. घाम म्हणून. पदराला डाग राहिला होता, तोही तिनं शिकेकाईनं धुतला होता. सगळं हाताखालून गेलं होतं तिच्या. ओठ, डाग, सगळं. मुलगी तिच्याकडं बघत होती, तोंड घट्ट मिटून, आणि तिला वाटलं होतं, गुणाची माझी बाई, अजून नाटक सोडलं नाही.

त्यांनी शपथ पाळली. पोरीपाशी घेतलेली, पोर गेल्यावरही. "तुम्ही तळलंत," ती म्हणाली तेव्हा एक शब्द बोलले असते, पोरीनंच मागितला होता म्हणून, तर. तर काय? तर तिनं पोरीवरच... नाही. हो. त्या रात्री तिच्या मनाला कुणावर तरी खापर फोडायचंच होतं. पोरीनं स्वतःच्या तोंडानं देवीचा अपमान केला, असं ती म्हणाली असती, गल्लीतल्या बायका म्हणाल्या असत्या, आणि मग तेच आयुष्यभर खरं झालं असतं. की एवढा विचार त्यांनी केलाच नव्हता? की मुलीला दिलेला शब्द एवढाच, बाकी काही नाही? हे आता कुणाला विचारणार. फक्त एवढं कळत होतं की ओट्यावर बसून ते ती गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे आणि नेहमी ह्या 'कुर्रम'पाशी थांबायचे, कारण तिथं लोक हसायचे, आणि हसणं संपेपर्यंत पोर त्या पाल्याखाली जिवंत असायची, पापड खात. अख्ख्या मद्रासला ते सांगून झालं होतं. जिनं ऐकायला हवं होतं ती उठून पाणी काढायला गेलेली. हाक मारून बसवलं असतं तर? एकदा तरी, अगं थांब, ऐक, पुढं आहे. नाही मारली. तीही थांबली नाही. आणि आज ह्या पत्र्याखाली, इतक्या परक्या बायकांत, तिला आपल्या मुलीचं एक वाक्य मिळालं होतं जे तिनं कधी ऐकलेलं नव्हतं. मीच आहे ना? मला विचार ना. मेलेल्या माणसाचं नवं वाक्य येत नसतं. हे आलं होतं.

पुढं पडद्यावर बरंच काही झालं. रेशमी बाई गायली. दिवे लागले, गेले, लागले.

बाहेर ऊन उतरलं होतं. सोडावॉटरवाल्यापाशी बायकांची झुंबड. रंजिदम लाल डोळ्यांनी म्हणाली, "मरताना किती छान मेला ना, अक्का? तुम्हाला नाही रडू आलं?"

"कोण मेलं?"

"अहो! तुमचे यजमान!"

"हो का," तैयलनायकी म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं."

रंजिदमनं तिच्याकडं बघितलं. मग, घर येता येता, सहज विचारावं तसं, "पक्किरीचं कसं वाटलं?"

"ती मुलगी चांगली होती."

"फार आगाऊ होती."

"हो," तैयलनायकी म्हणाली. "आगाऊच होती." आणि थोडं चालून, "तुझ्याकडं पापड असतील का गं? वाळलेले. दोन दे."

रंजिदम दारातच थबकली. "तुमच्यात चालत नाहीत ना?"

"दे तर खरं."

इळंगो कचेरीतून आला तेव्हा दिवेलागण झाली होती. चपला काढता काढता तो उंबऱ्यावरच थांबला. नाक वर केलं, एकदा आत बघितलं, एकदा गल्लीत, वास कुठल्या घरातला हे ठरत नसल्यासारखं. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आला. चुलीवर कढई होती, तिच्यातलं तेल अजून हलत होतं. ताटलीत एक पापड होता. दुसऱ्याचा चुरा आईच्या ओठांना लागला होता.

"अम्मा?" तो म्हणाला. "कुणी तळलं?"

झारा तिच्या हातात होता. तिनं भाजलेलं बोट तोंडातून काढलं.

"मला भूक लागली होती," ती म्हणाली.